मांजर, वाघीण आणि भाचीचा फॉर्म

(अकोल्यात तरुण-तरुणींच्या एका अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे बोलावलं तेव्हा सांगितलं होतं की, पोरांना करिअरबद्दल काही सांगा. मी अमरावतीत इंजिनिअरिंग केलं. बारा वर्षं पुण्यातल्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय, त्यातली शेवटची पाच वर्षं घरी, अमरावतीत बसून. म्हणजे करिअरवर बोलायला माझ्याकडे एक खुर्ची आणि एक लॅपटॉप एवढंच आहे. म्हणून मी तुम्हाला एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. करिअर त्यातच येईल.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही सात जण नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात गेलो. अम्मी, माझी बायको, माझा सात वर्षांचा मुलगा, अकोल्याची माझी आपा, दुल्हेभाई, त्यांची मुलगी गुड्डी आणि मी. गुड्डी हे घरचं नाव, खरं नाव सांगितलं तर मला घरी येऊ देणार नाही. अमरावती ते नागपूर दीडशे किलोमीटर. गाडी भाड्याची, चालवणारा मीच. डब्यात पोळ्या, खिमा आणि आलूची भाजी.

ही सहल आपानं ठरवली होती, आणि कारण वाघ नव्हता. गुड्डी आणि तिचे अब्बा आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. गुड्डीनं नीटची परीक्षा दुसऱ्यांदा दिली होती. मार्क वाईट नव्हते, पण सरकारी एमबीबीएसला पुरणारे नव्हते, आणि खासगीची फी आमच्यापैकी कुणालाच झेपणारी नव्हती. दुल्हेभाईंचं म्हणणं, तिसऱ्यांदा दे, नाहीतर युनानीला जा. गुड्डी म्हणाली, मला पशुवैद्यक करायचंय. त्यालाही नीटचेच मार्क लागतात, आणि तिचे तेवढे होते. त्यावर घरात जो सन्नाटा पसरला तो आठ दिवस टिकला. आपाला एवढंच हवं होतं की या दोघांना एका गाडीत बसवावं. दरवाजे बंद असले की माणूस किती वेळ गप्प राहणार?

तर तळेगावपर्यंत गप्प राहिले.

गोरेवाड्याबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण गेले नसतील. नागपूरच्या काटोल रोडला, गोरेवाडा तलावाच्या बाजूचं हे जंगल. तिथे २०१५ पासून वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र आहे. जखमी, अनाथ किंवा माणसांशी संघर्षात पकडलेले प्राणी तिथे आणतात. ते केंद्र लोकांना बघायला खुलं नसतं, दवाखाना जसा तमाशासाठी खुला नसतो तसं. २६ जानेवारी २०२१ ला शेजारी 'इंडियन सफारी' सुरू झाली, ती मात्र आपल्यासाठी. वाघ, बिबट्या, अस्वल आणि चितळ-सांबर-नीलगाय अशा चार भागांतून बस फिरते. इथे जनावर मोकळं असतं आणि माणूस बसमध्ये बंद.

मी लहानपणी शाळेच्या सहलीत एक जुनं प्राणिसंग्रहालय पाहिलं होतं. सिमेंटची खोली, लोखंडी गज, आणि आत एक प्राणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखा फेऱ्या मारतोय. आम्हाला वाटलं, तो चिडलाय. खूप वर्षांनी वाचलं की, कोंडलेल्या जनावराचं मन बिघडलं की ते असंच करत राहतं. त्याला राग आलेला नसतो, तो आजारच असतो. तेव्हा आम्ही चाळीस पोरं त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतो.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा लहान होतात. तर मोठेपणीचं सांगतो.

सफारीत प्रत्येक भागाला दोन गेट असतात. पहिलं उघडतं, बस आत जाते, मागचं बंद होतं, मगच पुढचं उघडतं. मला हे फार आवडलं, आम्ही प्रोग्राममध्येही असंच कुलूप घालतो. वाघाच्या भागात शिरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. झुडपाखाली वाघ झोपला होता, तोंड पलीकडे. मी मोबाइल काढला. व्हिडिओत फक्त पाठ येत होती. म्हणून मी काचेवर टकटक केलं. नाही वळला. मग जरा जोरात केलं, तोंडानं आवाजही काढला.

बसमधला कर्मचारी म्हणाला, "साहेब, काचेला हात नको."

आणि मागून गुड्डी हळूच म्हणाली, "मामू, नका ना. तो आपल्यासाठी नाही आलेला इथं."

सगळी बस माझ्याकडे बघत होती. बाजूला बुरख्यातली अम्मी, मी दाढीवाला. आपल्याला सगळ्यांना ती भीती माहीत आहे. चूक माझी एकट्याची असते, पण ती पूर्ण कौमच्या खात्यावर मांडली जाईल असं वाटतं. मला क्षणभर तेच वाटलं. मग लक्षात आलं की, ही भीतीसुद्धा एक पळवाट आहे. लोक काय म्हणतील याचा विचार करून मी वाघाला विसरलो होतो. चूक लोकांसमोर झाली म्हणून चूक नव्हती, झोपलेल्या जिवाला छेडलं म्हणून ती चूक होती. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८ जे सरळ सांगतं की, प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणं, इजा करणं, खायला टाकणं, आवाज करून त्रास देणं, तिथे कचरा करणं हा गुन्हा आहे. इंजिनिअरला ते माहीत नव्हतं. नीटला दोनदा बसलेल्या पोरीला कायदा माहीत नसतानाही ते कळत होतं.

मग माझ्या मुलानं प्रश्न विचारला. "अब्बू, यानं काय केलं म्हणून याला कोंडलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अम्मीनं लगेच तिची जुनी गोष्ट काढली. तुम्हीही ऐकली असेल, हदीसमध्ये आहे. एका बाईनं मांजर बांधून ठेवली. तिला खाऊ घातलं नाही, आणि सोडूनही दिलं नाही की बाहेर जाऊन किडा-मुंगी खाऊन जगेल. मांजर मेली, आणि त्या एका कारणानं बाई जहन्नममध्ये गेली. अम्मी म्हणाली, "म्हनून सांगते बाबू, जनावर बांधून ठेवू नये. सोडून द्यावं."

गुड्डी म्हणाली, "नानी, गोष्टीत दोन वाटा आहेत. एक तर खाऊ घाला, नाहीतर सोडा. बाईनं दोन्ही केलं नाही. पण सोडणं दर वेळी सोपं नसतं ना." आणि तिनं आम्हाला अवनीच्या मुलीची गोष्ट सांगितली.

अवनी वाघीण तुम्हाला आठवत असेल. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याची. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. देशभर वाद झाला. काहींना ती खुनी वाटली, काहींना शहीद. ज्या गावांत माणसं मेली होती तिथे फटाके वाजले, आणि शहरांत मेणबत्त्या लागल्या. तिला साधारण दहा-अकरा महिन्यांची दोन पिल्लं होती. त्यातलं मादी पिल्लू डिसेंबर २०१८ मध्ये पकडलं आणि पेंचला नेलं. तिथे मोठ्या कुंपणात तिला दोन वर्षांहून जास्त वाढवलं, माणसांपासून लांब ठेवलं, शिकार करता यावी म्हणून तयार केलं. मार्च २०२१ मध्ये तिला पेंचच्या जंगलात सोडलं.

काही दिवसांतच त्या भागातल्या दुसऱ्या वाघिणीशी तिची झुंज झाली. ती जबर जखमी झाली. तिला गोरेवाड्यातच उपचारासाठी आणलं, आणि इथेच ती मेली.

बसमध्ये कुणी काही बोललं नाही. गुड्डी म्हणाली, "बांधलं असतं तर जगली असती. सोडलं म्हणून मेली. मग चूक कुणाची, सांगा."

पोरांनो, या प्रश्नाचं मला अजून उत्तर सापडलेलं नाही. पण एक कळलं. जंगल म्हणजे रिकामी जागा नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ ला ३१२, आणि २०२२ ला ४४४. वाघ वाढले, जंगल वाढलं नाही. प्रत्येक चांगल्या जागेवर आधीच कुणीतरी मालक आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण नर जागा शोधत निघाला. गळ्यात कॉलर होती म्हणून सगळा हिशेब लागला. शेतं, नाले, महामार्ग ओलांडत तो तीन हजार किलोमीटरच्या वर चालला आणि शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. वाटेत त्याला किती माणसांनी पाहिलं नसेल? बहुतेक वेळा तोच माणसांना टाळून गेला. प्रत्येक वाघाचं नशीब असं नसतं. कुणाचा सुळा तुटलेला असतो, कुणी फासात पाय गमावलेला असतो, कुणी आईविना वाढलेला असतो, कुणी माणूस मारलेला असतो. यांना सोडायचं कुठे? मेळघाटालाच घ्या. १९७४ मध्ये तो व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे वाघासाठी जागा करायची म्हणून बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं उठवून अकोट तालुक्यात आणली. नंतर आणखी गावं आली. म्हणजे वाघाच्या मोकळेपणाची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि ती मोजणारा बहुधा सगळ्यात गरीब असतो. 'सोडून द्या' असं शहरात बसून म्हणताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

म्हणून चांगल्या प्राणिसंग्रहालयाचं काम पिंजऱ्याच्या पलीकडचं असतं. ज्यांना सोडता येत नाही त्यांना इज्जतीनं सांभाळायचं. ज्या जाती संपत आल्या त्यांची पैदास करायची. आणि आपल्यासारख्यांना काच न वाजवता बघायला शिकवायचं. आपल्याकडे १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. नियम कागदावर आहेत, ते जमिनीवर किती उतरतात ते बघणं नागरिकांचंही काम आहे. आपण तिकीट काढतो, म्हणजे आपल्याला विचारायचा हक्क आहे.

जेवायला बसलो तेव्हा दुल्हेभाई पहिल्यांदा थेट गुड्डीशी बोलले. "इथले वाघ मेले होते ना गं? पेपरात आलं होतं."

आले होते. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. चंद्रपूर जिल्ह्यातून, माणसांशी संघर्ष झाला म्हणून पकडून आणलेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीत निदान आलं, बर्ड फ्लू, एच५एन१. गुड्डीकडे सगळ्या बातम्यांचे स्क्रीनशॉट होते. तिनं समजावलं की, हा मुळात पक्ष्यांचा आजार, पण वाघ-बिबट्या-मांजर यांनी बाधित पक्ष्याचं कच्चं मांस खाल्लं तर त्यांनाही होतो.

दुल्हेभाई म्हणाले, "म्हणजे कोंबडीचा आजार वाघाला?"

"आणि माणसालासुद्धा होऊ शकतो, अब्बा. म्हणूनच जनावरांचा डॉक्टर म्हणजे नुसता गुरांचा डॉक्टर नसतो. कोंबडी, वाघ आणि आपण, तिघांच्या मध्ये तो उभा असतो."

दुल्हेभाईंनी पोळीचा घास मोडला आणि काही बोलले नाहीत. पण तो सन्नाटा आधीचा नव्हता.

परतताना कोंढाळीच्या पुढे चहाला थांबलो. बायका गाडीत होत्या. तिथे दुल्हेभाईंनी मला खरं कारण सांगितलं. मला वाटत होतं, त्यांना इज्जतीची काळजी असेल. लोक म्हणतील, डॉक्टर व्हायला निघाली आणि गुरांची डॉक्टर झाली. तसं नव्हतं. ते म्हणाले, "बाबू, आमच्या अब्बांनी तीस वर्षं बैलबाजार केला. सोडला तो काय उगाच सोडला का? गाडीत बैल आणि गाडीवर आपलं नाव, एवढ्यावर काय होते ते तुले माहीत हाये. उद्या ही पोरगी कोन्या गावात रात्री गाईच्या गोठ्यात उभी राहीन. गाय दगावली, तर कोनी म्हनंन का, की डॉक्टरनं प्रयत्न केला?"

मी त्यांना काय सांगणार होतो? की असं काही नसतं? ते मला वेड्यात काढते. की कायदा आहे? कायदा त्यांनाही माहीत आहे. मी गप्प राहिलो. मी आजही तुम्हाला सांगणार नाही की ही भीती खोटी आहे. भीती खरी आहे. पण त्या भीतीच्या हातात गुड्डीचा फॉर्म द्यायचा का, एवढाच प्रश्न होता.

तो सोडवला अम्मीनं, तिच्या नकळत. गाडी निघाल्यावर ती आभाळाकडे बघत होती. म्हणाली, "आमच्या लहानपनी अंजनगावकडे बैल मेला का गावाबाहेर टाकत. दुपारपर्यंत आभाळ काळं. गिधाडं, बाप्पा, किती! संध्याकाळी निस्ती हाडं. आता एक दिसत नाही. कुठं गेली रे ती?"

ही गोष्ट मलाही अर्धीच माहीत होती. गुड्डीनं पूर्ण सांगितली. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्यानं मरायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात शंभरातून एकाहूनही खाली आली. कुणाला कारण कळेना. २००४ मध्ये संशोधकांनी ते सिद्ध केलं. डायक्लोफेनॅक हे दुखणं कमी करणारं औषध गुरांना सर्रास दिलं जात होतं. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की, गिधाडाची किडनी निकामी होते. २००६ मध्ये सरकारनं गुरांसाठी ते बंद केलं, मेलॉक्सिकॅमसारखं गिधाडांना न मारणारं औषध होतंच. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात. नुकसान व्हायला दहा वर्षं लागली, भरून यायला पन्नासही पुरणार नाहीत. आणि हे नुसतं पक्ष्यांचं नुकसान नव्हतं. मेलेली जनावरं सडत पडली, कुत्री वाढली, पाणी खराब झालं. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली.

मग मागच्या सीटवरून दुल्हेभाईंचा आवाज आला. "ते इंजेक्शन मी पाहिलंय."

आम्ही सगळे गप्प.

"अब्बांकडे असायचं. बैल लंगडत असला की बाजाराच्या आदल्या दिवशी टोचायचे. सकाळी बैल ताठ उभा. गिऱ्हाईकाला कळायचं नाही." थोडं थांबून म्हणाले, "आम्हाला काय माहीत, त्यानं गिधाडं मरतात."

गुड्डी म्हणाली, "अब्बा, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

तिथून पुढे अमरावतीपर्यंत बापलेक बोलत होते. बैलाचे आजार, खुरांचे आजार, कोणतं औषध कुणी कुठून आणायचं, खरेदी करताना काय बघायचं. मी आणि माझी बायको पुढे ऐकत होतो. आठ दिवस ज्या विषयावरून बोलणं बंद होतं, त्या विषयात या माणसाला घरात सगळ्यात जास्त कळतं, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही नाही.

गिधाडांच्या गोष्टीचा पुढचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. उरलेली गिधाडं वाचवायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं हरियाणा सरकारसोबत पिंजोरला पैदास केंद्र सुरू केलं. पुन्हा तेच, बांधून ठेवलं म्हणून जात वाचली. तिथे जन्मलेली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली, आणि २०२५ मध्ये मेळघाटातही. अम्मीला मी सांगितलंय, आभाळाकडे बघत राहा.

आणि ही सोसायटी ज्यांच्या नावानं जगभर ओळखली जाते ते कोण? सालिम अली. १८९६ मध्ये मुंबईत बोहरा घरात जन्मलेला, लहानपणीच आई-बाप गेलेला पोरगा. मामाकडे वाढला. छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामांना विचारलं, ही कोणती? मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी 'गप्प बस' म्हटलं नाही, त्याला सोसायटीत मिलार्ड नावाच्या साहेबाकडे पाठवलं. त्या साहेबानं कपाटं उघडून भारतातले पक्षी दाखवले. बस, एवढंच. त्यातून भारताचा सगळ्यात मोठा पक्षीतज्ज्ञ झाला, पद्मविभूषण झाला. मी पण मामाच आहे. मी भाचीला काच वाजवून दाखवली होती.

आता मुद्द्याचं, आणि मग थांबतो.

एक. तुमच्यात जीवशास्त्र आवडणारे असतील तर एमबीबीएस हा एकच दरवाजा नाही. पशुवैद्यकाचं शिक्षण विदर्भातच आहे. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि त्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्यातच आहे. अकोल्याला, या गावात, पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. तिच्या समोरून तुम्ही रोज जात असाल. वनरक्षकाची भरती निघते, एमपीएससीतून वनसेवेची पदं निघतात. आपल्या मोहल्ल्यात किती जण त्याचा फॉर्म भरतात? आणि माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले असाल तरी काम आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेत कॅमेऱ्यांनी सुमारे ४ कोटी ७० लाख फोटो काढले, त्यात वाघाचे ९७ हजारांवर होते. गवत हललं, गाय गेली, माकड गेलं, त्यातून वाघ वेगळा काढायचा, मग पट्ट्यांवरून तो कोणता वाघ ते ओळखायचं. ते सॉफ्टवेअरच करतं. मी बारा वर्षं बिलांचे आकडे जुळवतोय, मला हे आधी कुणी सांगितलं नाही.

दोन. अमरावतीत वडाळी-पोहऱ्याकडे बिबट्या शहराच्या कडेला येतो. का येतो? कुत्र्यांसाठी. कुत्री का जमतात? उघड्यावर टाकलेल्या घाणीसाठी. चिकनच्या दुकानांची घाण, लग्नातलं उरलेलं, आणि बकरीदला आपण टाकलेलं. हे सगळ्याच समाजांचं आहे, पण मी आपल्यात बोलतोय म्हणून आपलं सांगतो. कुर्बानीचं जनावर अल्लाहच्या नावावर कापायचं आणि आतडी नाल्यात फेकायची, हे जुळत नाही. यंदा ईदच्या आधीच महापालिकेला भेटा, गाडी कधी येणार ते लिहून घ्या, गल्लीत दोन पोरं नेमा, नाहीतर खोल खड्डा करून पुरा. त्यानं बिबट्याही वाचेल आणि आपली लेकरंही.

तीन. प्राणिसंग्रहालयात जरूर जा, घरच्यांना घेऊन जा. पण एका जनावरासमोर पंधरा मिनिटं मोबाइल न काढता उभे राहा. ते झोपलं असेल तर झोपलेलं बघा.

गुड्डीचं काय झालं? भरला फॉर्म. दुल्हेभाईंनीच सायबर कॅफेत सोबत जाऊन भरला. भीती गेली का? नाही. ते मला म्हणाले, "भीती माही हाये, फॉर्म तिचा हाये." आता ती विदर्भातल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिला जनावराच्या दातांवरून वय ओळखायचा धडा होता. रात्री अब्बांना फोन केला. दुल्हेभाईंनी अर्धा तास समजावलं. दोनदाती कोणता, चारदाती कोणता, जुळलेला कोणता, आणि व्यापारी दात घासून गिऱ्हाईकाला कसं फसवतो तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. सरांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तिनं सांगितलं, माझ्या दादाजींचा बैलबाजार होता, अब्बांनी शिकवलं.

दुल्हेभाईंनी तो मेसेज मला तीनदा वाचून दाखवला.